नवरदेवाचं वजन

आमच्या पुतण्याच्या, दामूच्या लग्नात काय झालं ते सांगतो. दामू मुंबईत एका शेठच्या छोट्या जेट विमानावर पायलट होता. किती वजन न्यायचं, किती उंच जायचं, किती वाऱ्यात उतरायचं, सगळं त्याला तोंडपाठ. त्याबाहेर तो चाक हलवत नसे.

मुलगी खालापूरची. आमचं गाव तिथून तासभर चालत. वऱ्हाडाला टेंपो एकच. सगळे कोंबून बसले, पण नवरदेव खालीच उभा.

"चढ रं, मुहूर्त टळंल!" मी म्हणालो.

त्यानं ड्रायव्हरला विचारलं, "गाडीत वजन किती चालतं?"

"मागचा फाळका लागतोय तवर."

"मग मी नाय बसणार. जादा वजनानं निघायचं नसतं."

"अरं, मी काय उडवतोय व्हय?" ड्रायव्हर ओरडला.

दामू ऐकेना. एकेकाला वजन विचारत सुटला. आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "अंगाला हळद हाय म्हणून वाचलास, मेल्या!"

शेवटी गाडीच्या कागदावरचा आकडा बघून हिशेब लागला. बँडवाले हडकुळे, ते वजनात बसले. आत्या, दामूचा मामा, मी, सगळे खाली. टेंपो गेला, आम्ही मागून चालत.

पोचलो तर अक्षता पडलेल्या. दामूच्या मागं मामाच्या जागी ढोलवाला उभा!

"थांबायचं तरी रं!" मी म्हणालो.

"काका, मुहूर्त जवळ आलेला. अन् आपल्याकडचं एवढंच माणूस रिकामं होतं."

सुनेच्या माहेरी अजून त्या ढोलवाल्यालाच मामा म्हणून टोपी-टॉवेल देतात.