धाकटी पुढे चालते

थोरली : पुन्हा बूट काढलास?

धाकटी : खडा गेलाय.

थोरली : मघाशी ओढ्यापाशीही खडाच गेला होता.

धाकटी : तो डाव्यात. हा उजव्यात. खडे काय मी पेरलेत वाटेवर?

वाटाड्या : बसा, धाकट्या ताई. त्या अंगाला गवत कोरडं आहे. थोरल्या ताई, तुम्हीही टेका. पुढचं माणूस थांबलं की मागच्यांनी थांबायचं, असा आपला रिवाज.

थोरली : मामा, हा रिवाज काढला कोणी? जो सगळ्यात हळू, त्यालाच पुढे घालायचं?

वाटाड्या : माझ्या सासऱ्यानं. त्याच्या आधी चपळ माणसं पुढे सुटायची. वर जाऊन हातपाय पसरून गप्पा छाटत बसायची, आणि मागचा बिचारा धापा टाकत पोचला की कपडे झटकून उठायची, चला म्हणायची. त्याच्या वाट्याला बसणं म्हणून यायचं नाही. असाच एकजण मागे राहून ढगात चुकला. सापडला, पण सासरा घाबरला. तेव्हापासून सगळी टोळी सगळ्यात हळू माणसाच्या पायानं चालते.

धाकटी : चांगला रिवाज आहे. मला पटला.

थोरली : तुला न पटून कसं चालेल.

धाकटी : टोमणा नको मारूस. गुडघ्यांचं वय झालंय माझ्या.

थोरली : माझे गुडघे तुझ्या गुडघ्यांचे थोरले भाऊ आहेत. ते काही बोलत नाहीत.

धाकटी : बरं, ते राहू दे. इकडे बघ की जरा. सगळी दरी कशी झोपेत श्वास घेतल्यासारखी वरखाली होतेय.

थोरली : गवत हलतंय. वारा आहे.

धाकटी : तुला ना, कशातच काही दिसत नाही. आणि जन्मभर लोकांना चष्मे केलेस.

वाटाड्या : नाही हो, मलाही कधीकधी तसंच वाटतं. खाली बघत चाललं ना, की आपण चालतोय का दरीच आपल्या खालून सरकतेय, कळेनासं होतं. पाण्याचा आवाज येतो, पाणी दिसत नाही. एक जोडपं आणलं होतं मी. नवं होतं. इथं आल्यावर दोघं कुजबुजायलाच लागली. म्हटलं, का हो? तर म्हणाली, कोणी उठेल ना.

धाकटी : ऐकलंस?

थोरली : ऐकलं. मामा, खिंडीत ढग कधी भरतात?

वाटाड्या : सूर्य माथ्यावर आला की त्यांचं सुरू होतं. खालून चढतात, आपल्यासारखेच. फक्त त्यांना खडे लागत नाहीत.

धाकटी : मामा.

वाटाड्या : गंमत केली, ताई. पण एक सांगून ठेवतो. खिंडीच्या तोंडापर्यंत ढग आला, आणि आपण दगडी आडोशाच्या अलीकडे असलो, तर परत फिरायचं. त्यात तडजोड नाही. पलीकडच्या बाजूला वाट अरुंद आहे.

धाकटी : फिरायचंच तर. जिवापेक्षा काय मोठं आहे?

थोरली : झाला का बूट घालून?

धाकटी : नाडी जरा… हां. चला.

वाटाड्या : थोरल्या ताई, एक विचारू? रस्त्यानं बस जाते पलीकडे. मोठा वळसा आहे, पण बसल्या बसल्या जाते. तुमची पेटीही काल तिनंच गेली म्हणता. मग हा चढ कशाला?

धाकटी : विचारा, विचारा. मी पंधरवडाभर तेच विचारतेय.

थोरली : बसमध्ये बसलं की बस नेते, मामा. मधे कुठं थांबावंसं वाटलं तर ड्रायव्हर थांबत नाही.

वाटाड्या : म्हणजे अजून ठरलेलं नाही?

धाकटी : तिचं काही ठरलेलं नाही. त्यांचं ठरलंय. आज दुपारपर्यंत मी खिंडीत उभा राहीन, आलात तर घरी घेऊन जाईन, नाही आलात तर समजेन, पुन्हा विचारणार नाही. असं म्हणून गेलेत. आमच्या दुकानात, काउंटरवर हात ठेवून. दोन गिऱ्हाइकं बसली होती समोर.

वाटाड्या : मधवाले असं बोलले? माझ्याबरोबर खिंड ओलांडताना तर त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. मधमाश्यांत राहून तोंड मिटायची सवय लागली असेल, असं मी समजायचो.

धाकटी : दुकानातही तेच. यायचे, मोडका चष्मा पुढे ठेवायचे, म्हणायचे, बसलो त्यावर. बस्स. दर वेळी तेच. मामा, मला सांगा, शहाणासुरता माणूस आपल्या चष्म्यावर एवढ्या वेळा बसतो?

वाटाड्या : दांडी मोडायची का काच फुटायची?

धाकटी : दांडीच. काच एकदाही नाही. एवढं जपून बसायचे.

थोरली : फ्रेम हलकी होती.

धाकटी : फ्रेम मी दिली होती त्यांना. दुकानातली सगळ्यात दणकट. तरी मोडली, आणि मग ही आतल्या खोलीत दिवा लावून दांडी बसवत बसायची. जे काम चहा निवायच्या आत होतं त्याला हिला दुपार लागायची.

थोरली : स्क्रू बारीक असतात.

वाटाड्या : असतात, असतात. जपून, इथं ओलं आहे. ही पिवळी फुलं बघा, सकाळी अख्खी दरी पिवळी असते. ऊन कलायला लागलं की मिटतात, आणि मग वाटतं, मघाशी पाहिलं ते खरं होतं की नाही.

धाकटी : थांबू या का इथं? फुलं मिटताना बघायची आहेत मला.

थोरली : ती मिटेपर्यंत?

धाकटी : असं पुन्हा कधी येणार आहोत आपण?

वाटाड्या : फुलं परतताना दिसतील, ताई. आडोसा आलाच. तिथं टेका हवं तेवढं. मी तोवर वळणावरून ढग बघून येतो.

(वाटाड्या वळणापलीकडे जातो. दगडी आडोशात दोघी बहिणी.)

थोरली : पाणी घे.

धाकटी : दे. दमले गं बाई.

थोरली : दमली नाहीस तू.

धाकटी : म्हणजे?

थोरली : फ्रेमांची खोकी डोक्यावर घेऊन माळ्यावर चढतेस. वरून मलाच हाका मारतेस, ये की लवकर म्हणून. तुला कधी दम लागलेला मी पाहिला नाही. आणि खडा असेल तर बूट झटकावा लागतो. तू नुसताच काढून घालत होतीस.

धाकटी : कधी कळलं?

थोरली : ओढ्यापाशी.

धाकटी : मग बोलली का नाहीस?

थोरली : बोलले असते तर तू चालायला लागली असतीस.

धाकटी : मला नाही समजलं.

थोरली : मला बरं वाटत होतं, धाकटे. तुझी पाठ बघत हळूहळू चालायचं. उशीर झाला असता, ढग भरले असते, तो निघून गेला असता. मी कुठं नाही म्हटलं? धाकटीचे पाय चालेनात. असं जन्मभर सांगता आलं असतं.

धाकटी : माझ्या नावावर.

थोरली : तुझ्या नावावर.

धाकटी : आणि मी आपली समजत होते, मी तुला फसवतेय.

थोरली : फसवतच होतीस. मी त्यात आपली जागा करून घेतली, एवढंच.

धाकटी : किती लबाड आहेस गं तू. तोंडावरची माशी न उडवता.

थोरली : घरातलंच शिकले.

धाकटी : हसू नकोस. मला खरं सांग. तुला जायचंय की नाही?

थोरली : त्या घरात ताटं कुठं ठेवतात तेसुद्धा मला माहीत नाही. त्याचा दिवा कुठल्या बाजूला आहे, माहीत नाही. माझ्या हाताला आपल्या घराची सवय आहे, अंधारातसुद्धा बटण सापडतं. या वयात भिंती चाचपायच्या?

धाकटी : म्हणजे नाही.

थोरली : गेल्या थंडीत खिंड बंद होती. तो आला नाही. तेव्हा मी एका बाईंना त्यांच्या नवऱ्याचा चष्मा दिला.

धाकटी : काय?

थोरली : त्यांचा नवऱ्याला. दोन्ही पाकिटं माझ्या हातात होती, आणि मी दाराकडे बघत होते. आठवडाभरानं लक्षात आलं. परत करायला आली नाहीत ती दोघं. बहुतेक बरं चाललं असेल.

धाकटी : ताई, तू? तू चुकीचा चष्मा दिलास? मला एका शब्दानं बोलली नाहीस.

थोरली : काय बोलू? तुला सगळं कळलं असतं. मग तू एकटं कसं राहायचं याचा हिशेब करत बसली असतीस. तो तू केलाच आहेस म्हणा.

धाकटी : केलाय. रोज करते. संध्याकाळी शटर ओढायला दोघी लागतो, एकीनं ओढलं की ते वाकडं जातं. तिथंच अडकते मी. पुढे जातच नाही हिशेब.

थोरली : त्याला तेल घालायला हवं.

धाकटी : तेलानं काय होतंय? ऊठ.

थोरली : बस अजून. मामा आले नाहीत.

धाकटी : ऊठ म्हणते ना. मी तुला अडवलं असतं, ताई. खुशाल अडवलं असतं, आणि पुढची सगळी वर्षं तुझ्यासमोर बसून जेवले असते, लाज वाटली नसती. पण तुझं ‘नाही’ माझ्या नावावर लावायचं नाही. नाही म्हणायचंय ना? वर जा आणि त्यांच्या तोंडावर म्हण.

वाटाड्या : मंडळी, ढग निम्म्यावर आला. मघाच्या चालीनं निघालो तर पोचत नाही. परत फिरायचं का, ते आत्ताच ठरवा.

धाकटी : मामा, मघाची चाल विसरा. पिशवी द्या इकडे.

वाटाड्या : खडे?

धाकटी : संपले.

वाटाड्या : अहो, अहो, जरा… काय बाई आहे. थोरल्या ताई, या लहानपणी शर्यती जिंकायच्या का?

थोरली : जिंकून मागे यायची, मला चिडवायला. धाकटे, हळू. माझा श्वास पुरत नाही.

वाटाड्या : थांबा, धाकट्या ताई. आता तुम्ही हळू नाही. हळू या आहेत. रिवाजानं यांनी पुढे यायचं.

थोरली : मी?

वाटाड्या : तुम्हीच. आम्ही दोघं मागे. तुमचे पाय म्हणतील तसं.

धाकटी : जा, ताई. वाट एकच आहे.

थोरली : तू मागे आहेस ना?

धाकटी : आहे.

थोरली : काही बोलत राहा. पाठीमागे शांत झालं की मला चालवत नाही.

धाकटी : काय बोलू? गवत संपलं. सगळं पांढरं होत चाललंय. दरी गेली, ओढा गेला. तुझी पाठसुद्धा कडांना पुसट झालीय. नंबर तपासायच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतंय. तू काच बदलत असतेस आणि विचारत असतेस, आता बरं दिसतंय, का आधी बरं होतं?

थोरली : आणि लोक म्हणतात, पुन्हा दाखवा.

धाकटी : तू दाखवायचीस. कधी कंटाळली नाहीस.

वाटाड्या : सपाट लागलं बघा पायाला. ही खिंड.

थोरली : ही? इथं तर काहीच नाही, मामा.

वाटाड्या : ढगात माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. दम धरा.

धाकटी : कोणीतरी शिंकलं.

थोरली : त्यांचीच शिंक. दुकानात दिव्यावरची धूळ उडाली की अशीच यायची.

धाकटी : ते बघ, त्या मोठ्या दगडापाशी. सरळ आपल्याकडेच बघतायत, पण ओळख नाही चेहऱ्यावर. ताई, चष्मा नाही त्यांच्या डोळ्यांवर.

थोरली : आज तर मोडायचं काही कारण नव्हतं.

वाटाड्या : ओल्या हवेत पुसायला काढला असेल हो.

धाकटी : त्यांना आपण दिसत नाही. तुला अजून वेळ आहे. गुपचूप वळलीस तरी त्यांना कळणार नाही. मी कुणाला सांगणार नाही, मामाही नाहीत.

वाटाड्या : मी तर आत्ताही इथं नाही.

थोरली : अहो… मी आले.

धाकटी : मोठ्यानं म्हण. वारा आहे.

थोरली : ऐकलं त्यांनी. बघ, दगडाला धरून उठतायत.

धाकटी : जा मग. नाहीतर ते अंदाजानं चालत येतील आणि तुझ्याऐवजी मामांचा हात धरतील.

थोरली : मधल्या खणात गायनवाल्या बाईंची काच आहे. त्यांना बसवताना जरा वर घे, नाक उतरतं आहे त्यांचं.

धाकटी : घेईन.

थोरली : स्क्रू उरले तर…

धाकटी : ताई, जा.

वाटाड्या : पाय सांभाळा, थोरल्या ताई. इथून पुढे ते नेतील. वाट त्यांच्या पायाखालची आहे… गेल्या. आपण उतरू या, ताई. ढग अजून दाटेल.

धाकटी : चला. मागे बघत नाही मी. काही दिसायचंही नाही.

वाटाड्या : रडायचं तर रडा. ढगात सगळ्यांचेच चेहरे ओले असतात, कोणी विचारत नाही.

धाकटी : ते घरी. इथं पाय घसरेल.

वाटाड्या : घरी गेल्यावर आधी काय कराल?

धाकटी : झोपायच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडीन. तिला वारा सोसत नाही, म्हणून तिच्या बाजूची कायम बंद असायची. भांडायचो त्यावरून.

वाटाड्या : मग आता बरं झालं. उघड्याच ठेवा रात्रभर.

धाकटी : ठेवीन की. थोडा वेळ ठेवीन, मामा. मग तिच्या बाजूची लावून घेईन.