मॅचच्या दिवशी सत्यनारायण

अरे, आमच्या बायकोनं पंचांग बघितलं, पण फुटबॉलचं शेड्यूल नाही! सत्यनारायण नेमका लेकीच्या कॉलेजच्या मॅचच्या दिवशी. तिचं कॉलेज लाल, समोरचं निळं, शंभर वर्षांचं वैर. लेक पूजेला लाल जर्सीतच बसली.

गुरुजी आठवडाभर आयटीत, वीकेंडला पूजा सांगतात. त्यांनी पाचही अध्याय असे पळवले की मी म्हटलं, "गुरुजी, वीस मिनिटांत?"

"किकऑफ आहे ना!" म्हणत ते धोतर बदलायला गेले, ते निळ्या जर्सीत बाहेर आले. त्यांचंच कॉलेज ते!

तरी लेक पाया पडली. "काका, ब्लेस मी. वी हॅव टू विन."

गुरुजींनी उचललेला हात खाली घेतला. "विजयी भव म्हणायचं ना? म्हणतो की. मॅच संपू दे."