वरून बघितलेलं पोट

बसच्या रांगेत माझ्यापुढे चाळिशीची एक गोलमटोल बाई आणि तिचे तरुण साहेब उभे होते. दोघंही कीटकांच्या प्रयोगशाळेतले.

"बाई, अहवालावर तुमची सही राहिलीय."

"राहिली नाही, सर. मी केली नाही."

"का?"

"थंडीतल्या भुंग्यांच्या सगळ्या माद्यांना तुम्ही अंडी आहेत म्हणून लिहिलंत."

"पोटं टम्म फुगलीत त्यांची. मी स्वतः बघितली."

"वरून बघितलीत. मी भिंगाखाली चाळीस माद्या उघडल्या. आत चरबी ठासून भरलेली, अंडं एकही नाही."

"एकही नाही?"

"थंडीत त्या अंडी धरतच नाहीत. आधी खाऊन चरबी साठवतात, तिच्यावर थंडी काढतात. ऊन तापलं की मग अंडी. अठरा वर्षं हेच बघतेय मी."

"पण थंडीतही पैदास चालू आहे, असं मी वरिष्ठांना सांगून बसलोय."

"मग चुकलं म्हणून सांगा. जीभ झडणार नाही."

"एका सहीसाठी एवढा हट्ट?"

"हो, हट्टच. शून्य मी मोजलंय, ते शून्यच राहणार."

तेवढ्यात बस आली. आम्ही चढलो, तसा एक तरुण लगबगीनं उठला.

"ताई, तुम्ही बसा. या अवस्थेत उभं राहू नका."

बाई ऐसपैस बसल्या.

"बसते, दादा. पण मला दिवस-बिवस गेलेले नाहीत हो, ही नुसती चरबी आहे. सर, तुमच्या अहवालावर यांची सही घ्या."