दुसऱ्या सीटचं वजन

आहारतज्ज्ञांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवराबायको नंबराची वाट पाहत बसले होते.

"बारा किलो उतरव, म्हणजे झालं."

"विमान तुम्ही घरी बांधताय आणि उपाशी मी राहायचं?"

"अगं, वजनाचं गणित असतं. आत सामान जरा वाढलं."

"जरा? दोन रेडिओ, तीन स्क्रीन. आणि ते कॉफीचं यंत्र कुठल्या ढगात चालवणार आहात?"

"लांबच्या प्रवासाला लागतं."

"आणि तुमचं हे पोट?"

"ते मूळ आराखड्यातच धरलंय."

"वा! विमान उडालं की शेजारी पहिली तूच, म्हणाला होतात. त्या आशेवर डाव्या पंखाच्या एवढ्याशा भोकातून आत हात घालून बसले मी. तुम्ही बाहेरून रिव्हेटचे खिळे ठोकायचे, मी आतून टेकणाला लोखंड धरायचं."

"तुझे उपकार आहेतच गं. पण आता..."

"उजवा पंख व्हायचाय ना अजून?"

"हो."

"त्या भोकातून तुमचा हात जातो?"

नवऱ्याने आपल्या जाडजूड पंजाकडे पाहिलं.

"कॉफीचं यंत्र काढतो."

"आणि?"

"एक रेडिओ."

"आणि?"

इतक्यात आतून हाक आली, "पुढचा नंबर कोणाचा?"

"यांचा," बाई म्हणाल्या.