बिनआवाजाची गाडी

...आणि वर मलाच विचारतात, "अंजना, गाडी आणलीस कधी गं, आमाला कळलंच न्हाय." कसं कळणार? पेट्रोलची गाडी आहे, ती काय हलगी लावून येणार आहे? दोन शनिवार, तुम्हाला सांगते, ओळीने दोन शनिवार मी वडगावच्या विणकर गल्लीत गाडी लावून शहाण्या मुलीसारखी बसून राहिले, आणि एका माणसाने दाराबाहेर डोकं काढलं नाही, आणि घरी आप्पा ओट्यावर बसून वाट बघतायत की पोरगी साड्यांचे गठ्ठे किती आणते... पण थांबा. असं मधूनच ऐकलंत तर तुम्हाला वाटेल ही मुलगी घाबरट आहे. मी घाबरत नाही हं. नुसती दचकते. दोन्हींत फरक आहे, आणि तो आमच्या घरात आजवर कुणाला पटलेला नाही.

तर मुळात आमची गाडी डिझेलची. पुढे दोन माणसं बसायची, मागे उघडा हौदा, अशी पिकअप. आप्पांनी ती घेतली तेव्हा मी सहावीत होते, आणि तिने मला पहिल्यांदा दचकवलं तेही त्याच दिवशी. दर शनिवारी कंग्राळीहून निघायचं, वडगावात घरोघरी मागावर विणलेल्या साड्यांचे गठ्ठे गोळा करायचे आणि शहापुरात व्यापाऱ्यांकडे पोचवायचे. अकरा वर्षं आप्पांनी हेच केलं. आणि आवाज म्हणाल तर धड धड धड धड, फडताळातल्या पितळ्या नाचायच्या, म्हशी दूध चोरायच्या, आणि मी? मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते तरी पहाटे त्या पहिल्या धडाक्याला हातातला चहा अंगावर सांडायचे. बरं, ती सुरू तरी सुखाने होत होती का? थंडीत तर बघायलाच नको. भावकूकाका आणि गल्लीतली आणखी चार माणसं सहाच्या ठोक्याला धोतरं खोचून हजर, "हं, लावा जोर," म्हणत वेशीपर्यंत ढकलत न्यायची. म्हणून एकदा सुरू झाली की आप्पा तिला दुपारपर्यंत बंद करायचे नाहीत. चहाला थांबले, गाडी चालू. देवाच्या पाया पडायला उतरले, गाडी चालू. देवालाही ऐकू येत नसणार आप्पा काय मागतायत ते.

मग आप्पांचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबायचा नाही. लगेच आमचा चुलतभाऊ परशराम दारात उभा. मानेला रुमाल, तोंडात सुपारी. "आप्पा, काळजी कशाला? अंजी पुस्तकं वाचंल, गाडी मी बघतो." आता मला सांगा, बी.ए. होऊन मी दोन वर्षं घरात बसलेली, लायसन आप्पांनीच हौसेने काढून दिलेलं, आणि गाडी हा बघणार? माझ्या तोंडून निघून गेलं, गाडी मी चालवणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही दचकले, कोण बोललं म्हणून. पण बोलले ते बोलले. आणि लगोलग दुसरंही बोलून टाकलं की ही नाही चालवणार, पेट्रोलची आणा. आप्पा म्हणाले, "पेट्रोल? मग त्यात अत्तरच वत की." आठ दिवस मी जेवताना दुसरा विषय काढला नाही. नवव्या दिवशी आप्पांनी डिझेल विकून पेट्रोलची जुनी पिकअप आणली, किल्ली माझ्यासमोर धरली, पण सोडली नाही.

"तीन शनवार बघतो," आप्पा म्हणाले. "अकरा वर्सांची घरं हायत ती. एकबी तुटता कामा न्हाय. तुटलं, तर किल्ली परशरामकडं. मग रडायचं न्हाय."

मी म्हटलं, नाही रडणार. आणि नाहीच रडले. दचकले मात्र पुष्कळ.

पहिल्याच सकाळची गोष्ट. मी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, इतकी हळू की मलाच खात्री वाटेना. म्हणून परत किल्ली फिरवली, तर पोटातून अशी कर्रर्र किंचाळली की मी स्टिअरिंगला मिठी मारली. तेवढ्यात मागून, "हं, लावा जोर!" भावकूकाका आणि मंडळी! नेहमीप्रमाणे सहाला आली होती, त्यांच्या कानाला धडधड लागली नाही, म्हणजे गाडी बंद. आणि बंद गाडी दिसली की आमच्या गल्लीचे हात आपोआप ढकलायला जातात. मी ओरडते, काका, चालू आहे, चालू आहे, पण माझा आवाज तो केवढा? कॉलेजात हजेरीला मी तीन वर्षं "प्रेझेंट सर" म्हणत होते आणि तीन वर्षं गैरहजर लागत होते. चालू गाडी पाच जणांनी ढकलून सरळ शेजारच्या मायाप्पांच्या शेणाच्या ढिगात नेऊन बसवली. भावकूकाका घाम पुसत म्हणाले, "एवढं ढकलूनबी सुरू हुईना. फसवलं की सत्याप्पाला." सत्याप्पा म्हणजे आमचे आप्पा. घाबरले नाही मी. नुसती दचकले.

तशीच गेले वडगावला. आता वडगाव तुम्हाला माहीत आहे. घराघरात माग, खटक-पटक, खटक-पटक, आतलं माणूस शेजारच्या माणसाशी बोलतं ते हातवारे करून. मी गाडी लावली, ओढणी सारखी केली आणि बसले वाट बघत. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. आणि मागून आलं, धड धड धड धड! मी सीटवरून उडाले, कारण तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखते. आमचीच डिझेल! आणि स्टिअरिंगवर कोण? परशराम! त्यानेच तिसऱ्याच्या हस्ते विकत घेतली होती, आणि आम्हाला पत्ता नाही.

आणि पुढे काय बघते, तर त्या आवाजासरशी पटापट दारं उघडली. "गाडी बंतु, गाडी बंतु," म्हणजे आली आली, असं कानडीत एकमेकांना सांगत माणसं बाहेर, मान खाली, गठ्ठा खांद्यावर, हौद्यात टाकला की परत आत, मागाकडे. कुणी वर बघितलंच नाही! आमच्या मालुबाई, आप्पांची सगळ्यात जुनी विणकरीण, त्यांनी तर गठ्ठा टाकून वर त्या परशरामलाच सांगितलं, सत्याप्पांना म्हणावं गुडघ्याला एरंडेल लावा. म्हणजे बघा, आप्पांना वाटलं आपण गाडी विकली. गाडी नाही विकली, घरं विकली, हौद्यासकट. आणि हे कशापायी? तर मी दचकते म्हणून.

रिकाम्या गाडीने घरी आले. परशरामचं गाऱ्हाणं केलं नाही, कारण रडायचं नाही असं कबूल केलं होतं. आप्पांनी एक बोट दाखवलं.

दुसऱ्या शनिवारी मी ठरवूनच गेले, हॉर्न वाजवायचा. वाजवला. पहिल्यांदा मीच दचकले, क्लचवरचा पाय सुटला, गाडी बेडकासारखी उडी मारून गपकन बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा पों पों. आणि तुम्हाला सांगते, पाच-सहा दारं उघडली! मी खूश. बघते तर गल्लीतली सगळी चिल्लीपिल्ली, मुठीत पाच-पाच पैसे, "गारीगार, गारीगार!" आमच्या गाडीचा हॉर्न आणि गारीगारवाल्याचा भोंगा एका सुरात निघाले, याला मी काय करू? बर्फाचं गारीगार नाही म्हटल्यावर एक पोरगं रडायला लागलं. मला तेवढीही सवलत नव्हती. मागून धडधड आली आणि गठ्ठे घेऊन गेली.

आप्पांची दोन बोटं.

राहिला एक शनिवार. मग शुक्रवारी संध्याकाळी मी जोंधळ्याच्या रानात गेले आणि ओरडायला शिकले. हो, शिकले! पहिल्या दोन हाका घशातच राहिल्या. तिसरीला एक बगळा उडाला. सातवीला लांब नांगरणारा माणूस बैल थांबवून बघायला लागला, तेव्हा म्हटलं, आता जमतंय.

तिसऱ्या शनिवारी गाडी लावते न लावते तोच गल्लीच्या तोंडाशी धडधड. दचकले, खोटं कशाला बोलू. पण उतरले, मालुबाईंच्या उंबऱ्यात उभी राहिले, डोळे मिटले आणि आवाज सोडला.

"मालुबाईऽऽ! सत्याप्पांची गाडी आलीयाऽऽ!"

चार माग बंद पडले. एकाचा सूत घेऊन पळणारा धोटा सुटून भिंतीवर आपटला. शेजारचे माग थांबले, त्यांच्या शेजारचे थांबले, गल्लीत चिडीचूप, आणि त्या शांततेत नुसती परशरामची धडधड. मालुबाई छातीवर हात ठेवून बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं, डिझेलकडे बघितलं.

"मग त्यो कोण गं?"

"तो परशराम. आप्पांचा माणूस नव्हे, स्वतःसाठीच गठ्ठे नेतोय."

"आगं बया. आन् दोन शनवार आमी त्येच्यात टाकतोय."

परशराम खवळला. हमरीतुमरीवर आला, पण आपल्याच गाडीच्या आवाजात त्याचं कुणाला ऐकू जाईना. म्हणून भांडण नीट व्हावं म्हणून त्याने काय केलं माहीत आहे? गाडी बंद केली! आप्पांनी अकरा वर्षांत जे कधी केलं नाही, ते. मग भांडण संपलं, त्याने किल्ली फिरवली, आणि डिझेल ढिम्म. शेवटी आम्हीच ढकलली. ढकलणाऱ्यांत मी आणि मालुबाई पुढे होतो.

त्या दिवशी हौदा भरून घरी आले. आप्पांनी तिसरं बोट दाखवलं नाही, किल्ली माझ्या ओंजळीत टाकली आणि म्हणाले, "पेट्रोल जरा बेतानं जाळ."

तेव्हापासून चालू आहे. दर शनिवारी बावीस दारं, बावीस हाका, घशाला गूळ-मिरं. ज्या आवाजापायी डिझेल विकली, तो आता मी माझ्या घशातून काढते. मी दारात पोचले की मालुबाई आत सांगतात, "उठा, डिझेल आलं." मी शंभरदा सांगितलं, पेट्रोल आहे हो ते. परवा न राहवून विचारलंसुद्धा, मालुबाई, मी आले की तुम्ही सगळे एवढे घाबरता का?

तर म्हणाल्या, "घाबरत न्हाय गं. नुस्तं दचकतो."