मोजे

अमेरिकन फुटबॉलचं वेड असलेल्या ग्रीन बे गावात, हाडांच्या दवाखान्यात ओपल कधीची ताटकळत बसली होती. शेजारी एक आडदांड म्हातारा आणि त्याची बायको येऊन बसली, आणि लगेच जुंपली.

"व्हर्जिल, आज डॉक्टरला खरं सांग. गुडघा दुखतो म्हणून."

"दुखत नाही."

"मग सकाळी मोजे कोणी घातले तुला?"

"मोजे घट्ट होते."

"जन्मभर फुटबॉल खेळलास. समोरचे दांडगे अंगावर घेतलेस तू, मागे चेंडू फेकणाऱ्याला वाचवलंस तू, आणि पुतळा झाला त्याचा! तुला काय मिळालं? हा गुडघा!"

"इंजेक्शनं टोचून घेतली, पण एक सामना चुकवला नाही."

"तेच तर! डॉक्टरनं विचारलं की तुझं आपलं, 'ठीक आहे, ठीक आहे!'"

"दुखतंय म्हटलं की संघातली जागा गेलीच, डोरीन. बाकावर दुसरे टपलेलेच असायचे."

"अरे, म्हातारा झालास! आता तुझ्या जागेवर कोण टपलंय?"

"बरं. मग तुझ्या कमरेचंही सांगतो त्यांना. काल जिन्यात मध्येच बसलीस ते."

"खबरदार! माझी कंबर ठीक आहे."

"ठीक आहे?"

"ठीकच आहे! मी आडवी झाले, तर तुला मोजे कोण घालणार?"