तारेने बांधलेला लिव्हर

दवाखान्यात लसीचा नंबर यायचा होता आणि बाळ खांद्यावर गाढ झोपलं होतं. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे मला कळतं, पण शेजारच्या बाकावर हनुवटीला टाके पडलेले वडील आणि त्यांची मुलगी बसली होती.

“बाबा, ट्रॅक्टरवरचा ड्राफ्टचा लिव्हर तारेने कुणी बांधला?”

“मीच. नांगर सारखा वर-खाली व्हायचा. म्हटलं, बिघडलाय.”

“अहो, जमीन कडक लागली की तो आपणहून जरा उचलतो, मऊ लागली की परत खाली जातो. ट्रॅक्टरला ओढ झेपावी म्हणून. मेकॅनिककाकांनी दोनदा सांगितलं होतं.”

“दोन्ही वेळा मी मान डोलावली होती.”

“मग काय झालं?”

“व्हायचं काय? कडक पट्ट्यात नांगर रुतला, चाकं जागच्या जागी गरगरली, ट्रॅक्टरचं नाक वर जाऊन धाडकन खाली आलं आणि मी स्टिअरिंगचा मुका घेतला. तीस वर्षांचा अनुभव, गं!”

“आणि मला म्हणे, तुला जमायचं नाही.”

“म्हणालो खरा.”

“परवा पेरणी आहे. राहिलेलं रान मी नांगरू?”

“ती तार आधी सोड.”

“सकाळीच सोडली.”

“बरं, नांगर. पण मी बांधावर उभा राहून सांगत जाईन.”

“डॉक्टरांनी आठ दिवस बोलायचं नाही म्हटलंय.”

“मग आठ दिवसांनी नांगरू.”

“छे! उद्याच.”